मादी गाबोळीनं भरलेली, औषध टोचलेलं, तरी अंडी पांढरी: दर मोसमात परतणारा हा घोळ कुठे शोधायचा

पावसाळा लागला की माशांचं बीज करणाऱ्यांकडून मला येणारे निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात. औषध म्हणजे मादीनं अंडी सोडावीत म्हणून टोचतात ते संप्रेरक. "ताई, मादी गच्च भरलेली होती. औषध बरोबर टोचलं. अंडीही भरपूर सुटली. आणि दुपारपर्यंत सगळी कच्च्या साबुदाण्यासारखी पांढरी. औषध बनावट निघालं का?"

मुंबईत मनोरीला आमच्या सहा सिमेंटच्या टाक्या आहेत. तिथे मी कोई आणि गोल्डफिशचं बीज, म्हणजे पिल्लं, तयार करते. राहायला मालाडला. या तक्रारीतून मी स्वतः ओळीनं तीन मोसम गेले आहे. चांगल्या, निवडून वाढवलेल्या माद्यांची अंडी बादल्या भरभरून फेकली आहेत. पहिल्या वर्षी औषधाला दोष दिला आणि डोस वाढवला. दुसऱ्या वर्षी पाण्याला दोष दिला आणि टँकर मागवला. तिसऱ्या वर्षी घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन टाकीशेजारी रात्र काढली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

कोई ही आपल्या सायप्रिनसचीच (कॉमन कार्पची) रंगीत जात. त्यामुळे पालघर-रायगडकडे सायप्रिनस करणाऱ्यांना यातलं जवळपास सगळं लागू पडेल. रोहू-कटला करणाऱ्यांसाठी जिथे फरक आहे तिथे सांगते.

आधी हे बघा: अंडी किती वाजता पांढरी पडली?

"पांढरी पडली" एवढ्यावरून काहीच कळत नाही. वेळ सांगितली की पुष्कळ कळतं. म्हणून पुढच्या वेळी अंडी सुटल्यावर साधारण शंभर अंडी एका काचेच्या बशीत, टाकीच्याच पाण्यात, वेगळी ठेवा. पाणी अधूनमधून हलक्या हातानं बदला आणि दर तासाला पांढरी किती ते वहीत मांडा.

पाण्यात पडल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात ढिगानं पांढरी झाली, तर ती मादीच्या पोटातच खराब झालेली होती. नर, टाकीचं पाणी, बुरशी, कोणाचाच त्यात हात नाही. पिळतानाच, म्हणजे मादीच्या पोटातली अंडी हातानं भांड्यात काढतानाच, याच्या खुणा दिसतात: अंड्यांबरोबर येणारा द्रव स्वच्छ नसून गढूळ, पिवळसर असतो, मधे मधे दहीसारख्या गुठळ्या येतात, आणि अंडी एकसारखी दिसण्याऐवजी काही चकाकणारी, काही निस्तेज असतात.

सहा-आठ तास नितळ राहून मग पांढरी होत गेली, तर फलनच झालेलं नव्हतं. इथे खूप जण फसतात. फलन न झालेलं अंडंही पाण्यात फुगतं, आणि सुरुवातीला त्यात फलित अंड्यासारखीच विभागणी झाल्याचा भास होतो. त्यामुळे तासाभरात बघून "नव्वद टक्के धरली" म्हणू नका. फलनाचा आकडा सहा-आठ तासांनंतरच मोजावा.

दुसऱ्या दिवशी, आत शेपटीची हालचाल किंवा डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागल्यावर मेली, तर अंडं आणि नर या दोघांनाही मोकळं सोडा. तिथे पाण्याचं तापमान, प्राणवायू आणि अंड्यांची गर्दी तपासा.

मला येणाऱ्या फोनांमध्ये बहुतेक वेळा पहिला प्रकार निघतो. आणि नेमकं त्यावर लोक तिसऱ्या प्रकाराचे उपाय करत बसतात: मिथिलिन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) वाढव, एअर पंप वाढव, फिल्टर बदल. मीही हेच केलं होतं.

जिरलेली गाबोळी आणि उतरलेली गाबोळी

दुसऱ्या मोसमात औषध टोचल्यावर माझी एक मादी मेली. ती मी चिरली तेव्हा शेजारच्या मावशी बघायला आल्या. त्यांनी जन्मभर बाजारात मासे विकलेत. दोन बोटांमध्ये गाबोळी दाबून त्या म्हणाल्या, "ही जिरायला लागलीय गं. कधीची भरून बसली होती?" मी हिशोब केला. मेच्या मध्यापासून. म्हणजे महिन्याहून जास्त.

मावशींचा तो शब्द अगदी नेमका होता. मादीच्या पोटात अंडं भरतं ते यकृतात तयार होऊन रक्तातून येणाऱ्या बलकाच्या द्रव्यावर. भरून झालं की ते तयार अवस्थेत थांबतं आणि शेवटच्या इशाऱ्याची वाट बघतं. नदीत हा इशारा पुराच्या पाण्यानं मिळतो: पाणी चढतं, गार होतं, प्रवाह येतो, जोडीला नर आणि बुडालेलं गवत असतं. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे आपण बघतो, ते याच इशाऱ्यावर निघालेले असतात. सिमेंटच्या टाकीत यातलं काही नसतं. मेंदू पीयूष ग्रंथीला शेवटचा हुकूम देत नाही आणि अंडं तिथेच अडकतं. अडकलेलं अंडं कायम टिकत नाही. त्याच्याभोवतीच्या पेशी, ज्यांनी त्याला इतके दिवस पोसलं, त्याच आता त्याचा बलक खाऊन शोषून घ्यायला लागतात. हे जिरणं. पोट बाहेरून अजून फुगलेलंच दिसतं, त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही.

दुसरं मरण याच्या उलट बाजूला आहे. इशारा मिळाला किंवा आपण टोचला, अंडं पिकलं आणि आवरणातून सुटून पोकळीत आलं. आता त्याला बाहेर पडायचंय. नर नाही, गवत नाही, आणि आपणही पिळायला हजर नाही. झाडावरून काढलेला हापूस जसा एका दिवशी नेमका असतो आणि नंतर उतरतो, तसं हे अंडं उतरतं. फरक एवढाच की आंब्याला दिवस मिळतात आणि गरम पाण्यातल्या कार्पच्या अंड्याला तास. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरीची (सिल्व्हर कार्पची) अंडी सुटल्यापासून अर्ध्या ते एका तासात पिळावी लागतात. सायप्रिनस-कोईला थोडी सवड असते, पण तासाभरानंतरचा प्रत्येक तास अंगावर येतो.

तेव्हापासून माझ्या वहीत दोनच शब्द असतात, जिरलेली आणि उतरलेली. दोन्हींत अंडं वाट बघून मेलेलं असतं. पहिल्यात आपण औषध द्यायला उशीर केला, दुसऱ्यात पिळायला.

टोचण्याआधी अंडं बघा

पोटाचा फुगवटा, मऊपणा, गुदद्वाराची लाली ही लक्षणं सगळे बघतात आणि बघावीतच. पण जिरायला लागलेली मादीही तितकीच मऊ लागते. चरबीनं फुगलेली मादी तर भल्याभल्यांना फसवते. खात्री हवी असेल तर थोडी अंडी बाहेर काढून बघण्याला पर्याय नाही.

त्यासाठी केमिस्टकडे मिळणारी तान्ह्या बाळांची फीडिंग ट्यूब, पाच किंवा सहा नंबरची, आणि एक सिरिंज पुरते. मादीला लवंग तेलाच्या पाण्यात गुंगवा. दहा लिटरला साधारण अर्धा मिलि तेल, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घेतलेलं. ओल्या फडक्यात उलटी धरा, डोळे झाका. ट्यूब जननछिद्रातून किंचित बाजूला वळवून चार-पाच सेंटिमीटर आत घाला. अडखळली तर जोर लावू नका, मागे घेऊन कोन बदला. सिरिंज हलकेच ओढली की पंचवीस-तीस अंडी येतात, तेवढी बास. लहान गोल्डफिशवर मात्र हा प्रयोग करू नका, जखम होते.

आता ही अंडी पारदर्शक करायची. ९५ टक्के अल्कोहोल सहा भाग, फॉर्मेलिन तीन भाग, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड एक भाग असं द्रावण छोट्या बाटलीत तयार ठेवा. फॉर्मेलिन डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट असतं, म्हणून हे काम उघड्यावर, हातमोजे घालून करा आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. अंडी त्यात पाचेक मिनिटं ठेवली की आतलं केंद्रक एका बारीक दाण्यासारखं दिसायला लागतं. साधं भिंगही चालतं.

दाणा अंड्याच्या मध्यभागी असेल तर अंडं अजून तयार नाही. तिला दोन आठवडे चांगलं खाऊ घाला आणि पुन्हा बघा. तीनांतल्या दोन अंड्यांमध्ये दाणा मध्य सोडून कडेला सरकलेला असेल, तर वेळ झाली. आज किंवा उद्या टोचा, पुढच्या रविवारची वाट बघू नका. आणि अंड्यांची कड वाकडीतिकडी, बलक गोळा होऊन एका बाजूला, मधे पारदर्शक पोकळ ठिगळं, आकार लहानमोठे असं दिसलं तर ती जिरायला लागली आहे. पाचांतलं एकाहून जास्त अंडं असं दिसलं तर मी मादी टोचत नाही, हा माझा नियम. कितीही महागडी असली तरी.

जिरत असलेल्या मादीला औषध देऊन अंडी "वाचवता" येतील असं वाटतं. येत नाहीत. औषध इशारा देतं, मेलेल्या अंड्यात जीव घालत नाही. उलट चांगली-वाईट अंडी एकत्र सुटतात, वाईट आधी कुजतात आणि चांगल्यांना घेऊन जातात. तिला मोठ्या, सावलीच्या टाकीत नेऊन सोडा. गाबोळी पूर्ण जिरू द्या. सायप्रिनसच्या घराण्याला आपल्याकडे वर्षात दोन मोसम मिळतात, जुलै-ऑगस्टचा आणि जानेवारी ते मार्चचा. पावसात हुकलेली मादी हिवाळ्यात पुन्हा भरते. रोहू-कटलाला मात्र हा दुसरा मोसम सहजी मिळत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत ही चाचणी जूनच्या पहिल्या आठवड्यातच करायला हवी.

मुंबईत पावसाचं सर्वसाधारण आगमन ११ जूनचं धरतात. तो लांबला की आपण म्हणतो, पाऊस पडू दे, मग टोचू. तोवर उथळ टाकीतलं पाणी ३१-३२ अंशांवर तापलेलं असतं आणि भरलेली मादी त्यात तीन-तीन आठवडे बसते. माझी मे महिन्यापासून बसलेली मादी अशीच गेली. हिरवी शेडनेट, टाकीत जास्त खोली, आणि दुपारी थोडा विहिरीच्या गार पाण्याचा झरा सोडला तर हे दिवस लांबवता येतात. थांबवता येत नाहीत.

टोचल्यानंतरचं घड्याळ

माझा तिसऱ्या वर्षीचा उलगडा इथला आहे.

बंदिस्त माशांना इशारा टोचून देण्याची आपली पद्धत १९५७ ची. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क देऊन भारतीय कार्पना अंडी घालायला लावलं. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस त्याचीच आठवण आहे. आता बहुतेक जण तयार औषध वापरतात. ओव्हाप्रिमच्या एका मिलिमध्ये सामन (साल्मन) माशाच्या संप्रेरकाची कृत्रिम नक्कल २० मायक्रोग्रॅम आणि डोम्पेरिडोन १० मिलिग्रॅम असतं. पहिला घटक पीयूष ग्रंथीला हुकूम देतो, आणि मेंदूनं त्या ग्रंथीवर लावलेला डोपामिनचा ब्रेक दुसरा घटक काढतो. मादीला किलोमागे अर्ध्या मिलिपर्यंत डोस पुरतो. त्याहून वाढवून काही हाती लागत नाही. मी वाढवला होता आणि तशीच पांढरी अंडी जास्त संख्येनं मिळवली होती.

कोईला मी अजूनही ग्रंथीचा अर्क दोन हप्त्यांत देते. एकूण औषधाचा दहावा हिस्सा आधी, उरलेलं दहा-बारा तासांनी. दुसऱ्या डोसनंतर अंडी कधी सुटतील याचा सायप्रिनससाठी एक भरवशाचा हिशोब आहे: पाण्याचं तापमान गुणिले तास, हा गुणाकार २४० ते २६० झाला की अंडी सुटतात. पाणी २४ अंश असेल तर दहा-अकरा तास. २८ असेल तर नऊ तासांच्या आसपास. तयार औषधाचा एकच डोस देणाऱ्यांना याहून जास्त वेळ लागतो. त्यांनी आपल्या टाकीचा आकडा दोन-तीन वेळा मांडून काढावा.

आता आमचं काय चालायचं ते सांगते. पावसाळ्यातलं पाणी २८ अंश. दुसरा डोस रात्री साडेआठला, कारण त्यानंतर आम्हाला मालाडला परतायचं असे. सकाळी मुलांचे डबे, मग बस, मग मार्व्याची फेरीबोट, आणि टाकीशी पोचेपर्यंत साडेआठ. बारा तास झाले, आता पिळू, असं मला वाटायचं. २८ गुणिले नऊ. अंडी साडेपाचलाच सुटलेली असायची. तीन तास ती पोटाच्या पोकळीत, २८ अंशांवर, उतरत बसलेली असायची. बारा तासांचा आकडा मी ऐकला होता थंड हवेतल्या कोणाकडून तरी, आणि तो तीन वर्षं तसाच वापरला.

ज्या रात्री मी तिथेच थांबले, त्या रात्री पाच वाजून वीस मिनिटांनी मादीच्या शेपटीशी पहिली चार अंडी चिकटलेली दिसली. लगेच पिळली. त्या बॅचची बशी दुपारी मी पुन्हा पुन्हा मोजली, कारण पांढरी अंडी इतकी कमी असू शकतात हे पटत नव्हतं.

रात्री थांबणं सगळ्यांना जमणार नाही, विशेषतः बायकांना. म्हणून मी आता घड्याळच फिरवलं आहे. पहिला डोस संध्याकाळी, दुसरा सकाळी आठला, अंडी संध्याकाळी पाचच्या सुमारास. मासे पहाटे वितात म्हणून पहाटेच पिळलं पाहिजे असं काही नाही. टाकीवर काळं कापड टाका, आवाज कमी ठेवा, पाणी तापू देऊ नका, एवढं पाळलं तर दिवसा उत्तम जमतं. हिशोबाच्या वेळेआधी दीड तास असतानाच मादी तपासायला लागा आणि दर अर्ध्या तासानं बघा. दाब न देता, नुसतं उचलल्यावर अंड्यांची धार आली तर पिळा. दाबावं लागत असेल तर अजून वेळ आहे. दाबून काढलेली अंडी कच्ची असतात आणि त्यात रक्त येतं.

पिळताना भांडं, हात, मासा, सगळं कोरडं हवं. पाण्याचा थेंब लागला की अंड्याचं शुक्राणू शिरण्याचं छिद्र मिटायला लागतं, आणि नराचे शुक्राणूही पाण्यात मिनिटभरच धावतात. आधी अंडी, त्यावर दोन-तीन नरांचं रेत, पिसानं ढवळून मग पाणी. चिकटपणा काढायचा असेल तर साध्या पाण्याऐवजी लिटरला चार ग्रॅम मीठ आणि तीन ग्रॅम युरिया घातलेलं पाणी वापरा.

चक्राकार हॅचरीत (पाणी गोल फिरवणाऱ्या टाकीत) नर-मादी एकत्र सोडणाऱ्या रोहू-कटलावाल्यांना उतरलेल्या अंड्यांचा त्रास कमी होतो, कारण मादी स्वतःच वेळेवर विते. त्यांच्याकडे पांढरी अंडी दिसली तर आधी जिरलेल्या गाबोळीचा आणि नरांचा संशय घ्यावा. नराचं रेत दुधासारखं दाट हवं. ताकासारखं पातळ येत असेल तर तो नर थकलेला आहे, बदला.

खाद्य: पावसाळ्यात कुबट होणारा कोंडा

अंड्याचा दर्जा औषधाच्या दिवशी ठरत नाही, त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत ठरतो. माद्या स्वस्तात फुगवायच्या म्हणून तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भरपूर टाकली की पोटात आतड्यांभोवती चरबी चढते, अंडाशयाला जागा उरत नाही, आणि वरून मादी "भरलेली" दिसते. कटला या बाबतीत फार लवकर सुस्तावतो. प्रजनकांना, म्हणजे बीजासाठी ठेवलेल्या नर-माद्यांना, वजनाच्या एक-दोन टक्केच खाद्य द्या, पण त्यात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास प्रथिनं, थोडं माशाचं तेल, आणि क व ई जीवनसत्त्वं असू द्या.

मुंबईच्या दमट हवेत यात एक खोच आहे. कोंड्यातलं तेल पावसाळ्यात काही दिवसांत खवट होतं, पेंडीला बुरशी धरते. खवट चरबी माशाच्या अंगातलं ई जीवनसत्त्व खर्ची घालते आणि अंड्याला ते कमी पडतं. बुरशीचं विष यकृताला मारतं, आणि अंड्याचा बलक यकृतातच तयार होतो. कोंड्याला कुबट वास आला की तो फेका. वाया जाईल म्हणून माशांना घालू नका. सुका जवळा आपल्याकडे सहज मिळतो आणि मासे तो आवडीनं खातात, पण तो खारवलेला नसावा आणि पिवळा पडलेला नसावा. नाल्यातले ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) प्रजनकांना मी कधीच देत नाही. गांडुळं धुऊन, चिरून देते.

टोचण्याआधी एक दिवस उपास. भरल्या आतड्याची मादी पिळताना विष्ठा अंड्यांत पडते आणि बॅच जाते.

पाण्याबद्दल थोडक्यात

आपल्या नळाला येणारं पाणी सात तलावांचं, पावसाचं, म्हणून मऊ. त्याची आम्लता झेलण्याची ताकद कमी असते, दिवस-रात्रीत पीएच वर-खाली होतो. कोळीवाड्यात कालवांच्या शिंपल्या फुकट मिळतात. त्या धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा, हळूहळू विरघळून त्या पाण्याला आधार देतात. क्लोरीन मात्र अंड्यांना आणि पिल्लांना सोडत नाही. पाणी चोवीस तास हवा देऊन मुरवा, किंवा सोडियम थायोसल्फेट वापरा: एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम.

बुरशीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण सगळ्यांचं बोट तिच्याकडे जातं. कापसासारखी बुरशी मेलेल्या अंड्यावर बसते आणि तिथून धागे पसरून शेजारचं जिवंत अंडं गुदमरवते. मेलेली अंडी कमी झाली की बुरशी आपोआप कमी होते. मिथिलिन ब्लू थोडं चालेल. मॅलाकाइट ग्रीन नको, कोणी कितीही सुचवलं तरी. खाण्याच्या माशांच्या हॅचरीत तर ते आणूच नये.

मादी अडली तर

ओरांडा-रांचू या गोल अंगाच्या गोल्डफिशमध्ये आणि कधी गवत्यातही असं होतं: पोट टणक, दोन-चार अंडी छिद्राशी अडकून वाळल्यासारखी, मादी कोपऱ्यात. अशा वेळी लोक अंगठ्यानं दाबतात. कृपा करून दाबू नका. अंडाशय फाटतं, आणि दोन दिवसांनी मादी मरते तेव्हा कारणही कळत नाही. लिटरला तीन ग्रॅम मीठ घातलेल्या स्वच्छ, हवा दिलेल्या पाण्यात एकटी ठेवा. एकदाच, ओल्या बोटानं छिद्राशी आलेली गुठळी अलगद काढून बघा. मागोमाग धार आली तर ठीक. नाही आली तर तिला सोडून द्या, दुसरं इंजेक्शन देऊ नका, खाद्य कमी करा. बऱ्याच माद्या आतल्या आत जिरवून मोकळ्या होतात. अडण्याचं कारण बहुधा कच्च्या गाबोळीवर टोचणं किंवा फार जाड मादी असतं.

वर्षानुवर्षं एकाच बॅचचे भाऊ-बहीण जोडीला लावले तरी फलन आणि पिल्लांचा टिकाव खालावत जातो. कुर्ल्याच्या बाजारातून नर आणताना दोन वेगळ्या ठिकाणच्या मालाचे आणा आणि महिनाभर वेगळे ठेवूनच मिसळा.

हे सगळं करूनही उलगडा झाला नाही तर नमुन्याची अंडी, तापमानाची वही आणि बशीचे आकडे घेऊन जाणत्या माणसाकडे जा. आपल्या शहरात वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे, तिथे शिकलेली माणसं हॅचऱ्यांमधून भेटतात. पण वहीशिवाय गेलात तर तेही अंदाजच सांगतील.

माझ्या वहीतल्या गेल्या वर्षीच्या एका मादीच्या नोंदी खाली देते, म्हणजे किती लिहायचं याचा अंदाज येईल.

कपाळावर लाल ठिपका असलेली, पावणेदोन किलो. २२ जून: पोट मऊ, मोठं. नमुना ३० अंडी, दाणा कडेला ११, मध्ये ७, जिरलेली १२. टोचली नाही. चार नंबरच्या टाकीत, शेडनेटखाली. गिऱ्हाइकाला 'नाही' असं कळवलं.

१४ ऑगस्ट: पोट उतरलं. खाते व्यवस्थित.

९ जानेवारी: नमुना ३० अंडी, दाणा कडेला २३, जिरलेलं एक. त्याच संध्याकाळी पहिला डोस. पाणी २३ अंश.

१० जानेवारी: दुसरा डोस सकाळी ७. हिशोब, सहाच्या आत-बाहेर. साडेचारपासून बघत होते. पहिली अंडी ५.४० ला. पिळली ५.५०. द्रव स्वच्छ, गुठळी नाही. बशीत १००. अर्ध्या तासानं पांढरी २. रात्री दोनला पांढरी ९. मावशी बघून गेल्या.